हिमांतील अज्ञात प्राणी

बर्फानें आच्छादिलेल्या एखाद्या परग्रहावर पुराणवस्तुसंशोधक उतरला असून, पूर्वीं कोणींहि न पाहिलेला प्राणी त्याच्यासमोर उभा आहे, अशी कल्पना गोष्टींच्या पुस्तकांत पुष्कळदां आढळते. अशा वेळीं त्यानें काय करावें? वाचकहो, याचें उत्तर शोधण्यासाठीं आपणांस पृथ्वी सोडावयास नको. तसाच कांहींसा प्रसंग सैबेरियांत खरोखर घडला आहे. त्याचा विचार आपण येथें करूं.

सैबेरियाच्या उत्तर भागांतील जमीन बारा महिने गोठलेली असते. तेथें नदीचा कांठ ढासळला कीं त्यांतून कधीं कधीं प्रचंड, वांकडे सुळे बाहेर पडत. मात्र तो प्राणी जिवंत असा कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. यावरून लोकांनीं अनुमान केलें कीं, हा प्राणी उंदराप्रमाणें भूमीखालीं बिळें करून राहतो व उजेड लागतांच मरतो. या समजुतीस आपण हंसूं नये. तो नेहमीं जमिनींत व नेहमीं मेलेलाच सांपडे; तेव्हां दिसलें त्याचा अर्थ त्यांनीं आपल्यापरी लावला. उणीव होती ती तुलनेची.

इ. स. १७९९ मध्यें लेना नदीच्या मुखाजवळ ओसिप शुमाखोव्ह नांवाच्या एवेंकी शिकाऱ्यास बर्फांत एक ओबडधोबड ढीग दिसला. पुढें बर्फ वितळूं लागलें, तसें एका अजस्र प्राण्याचें अंग उघडें पडलें. असा प्राणी पूर्वीं ज्यानें पाहिला त्याचें सारें कुटुंब मरण पावलें, असें वृद्धांनीं सांगतांच तो भयानें आजारी पडला. बरा झाल्यावर १८०४ मध्यें त्यानें सुळे कापून विकले. १८०६ मध्यें मिखाईल ॲडम्स हा शास्त्रज्ञ तेथें पोहोंचला, तोंवर बहुतेक मांस कुत्र्यांनीं व लांडग्यांनीं खाल्लें होतें. प्रथम भीति व मग लोभ, यांत सात वर्षें गेलीं आणि पुन्हां न मिळणारें ज्ञान नष्ट झालें. तरी ॲडम्सनें सांगाडा, कातडें व केंस जपून सेंट पीटर्सबर्ग येथें नेले.

तेथें हिंदी हत्तीच्या सांगाड्याशीं ताडून तीं हाडें जोडण्यांत आलीं. तत्पूर्वीं, १७९६ मध्येंच, क्यूव्हिए या फ्रेंच पंडितानें दांत व जबडे यांची तुलना करून दाखविलें होतें कीं, मॅमथ हा हत्तीच्या कुळांतील, परंतु निराळा व आतां नामशेष झालेला प्राणी होय. आज डीएनएच्या परीक्षेवरून असें ठरलें आहे कीं, तो आफ्रिकी हत्तीपेक्षां आपल्याकडील हत्तीस अधिक जवळचा आहे. भुईंतला राक्षस अखेर आपल्या ओळखीच्या गजराजाचा आप्त ठरला!

ऑक्टोबर २०२४ मध्यें गुरूच्या युरोपा या हिममय उपग्रहाकडे एक यान निघालें आहे. त्या बर्फाखालीं समुद्र असावा, असें शास्त्रज्ञ मानतात. तेथें जीवनास अनुकूल स्थिति आहे काय, हें तें तपासील. पुढें कधीं काळीं कोणा मानवास खरोखरच अज्ञात जीव भेटला, तर त्यानें शुमाखोव्हचें भय व सुळ्यांचा व्यापार हीं दोन्हीं आठवावींत. हात लावण्यापूर्वीं नीट पाहावें, पाहिलेलें लिहून ठेवावें, आणि ज्ञात वस्तूशीं ताडून मगच त्यास नांव द्यावें. शाळेच्या अंगणांतील एखादा अनोळखी किडा पाहतांनाहि हाच नियम आपणांस पाळतां येईल.