लिंबाच्या रसांतील मासा

पेरू देशांत समुद्रकांठीं ताज्या कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसांत घालून, वर कांदा व मिरची टाकून खाण्याची जुनी रीत आहे. त्या पदार्थास सेविचे म्हणतात. २०२३ सालीं युनेस्कोनें त्याची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत केली. हा पदार्थ विस्तवावांचून होतो हें ऐकून तो घरीं करून पाहण्याची हौस विद्यार्थ्यांस वाटणें साहजिक आहे. म्हणून त्यामागील शास्त्र आपण आधीं समजून घेऊं.

दुधांत लिंबू पिळलें म्हणजे दूध फाटतें, हें सर्वांनीं पाहिलेंच आहे. लिंबांतील सायट्रिक आम्लानें माशाच्या मांसांतील प्रथिनांचेंही असेंच होतें. त्यांच्या सूक्ष्म घड्या उलगडतात व तीं एकमेकांस चिकटून घट्ट होतात. त्यामुळें माशाचा अर्धपारदर्शक तुकडा दहापंधरा मिनिटांत वरून पांढरा दिसूं लागतो. उष्णतेनेंही प्रथिनांचें असेंच रूपांतर होतें. यास्तव तो तुकडा शिजल्यासारखा भासतो.

परंतु विस्तवाची उष्णता गाभ्यापर्यंत पोंचून रोगजंतु व कृमि यांचा नाश करिते. लिंबाचा रस तसें करीत नाहीं. पृष्ठभागावरचे कांहीं जंतु त्यानें कमी होतात, पण मांसांत दडलेले कृमि जिवंत राहूं शकतात. थायलंडच्या ईशान्य भागांत गोड्या पाण्यांतील कच्चा मासा लिंबाच्या रसांत कालवून खातात. त्यांतून एक कृमि शरीरांत शिरतो, यकृताच्या पित्तनलिकांत वर्षानुवर्षें राहतो, आणि पुढें कित्येकांस कर्करोग होतो. खुद्द पेरूंतही १९९१ सालीं पटकीची मोठी सांथ आली, तेव्हां कच्चा मासा टाळण्याचा इशारा लोकांस द्यावा लागला.

कोणी म्हणेल, लिंबाचें लोणचें वर्षभर टिकतें, मग मासा कां नाहीं? लोणच्यांतील लिंबू मुळांतच आंतबाहेर आंबट असतें व त्यांत मीठही भरपूर घालतात. माशास मात्र थोडा वेळ वरवर रस लागतो, एवढेंच.

आमचें बीबी गांव लोणार तालुक्यांत, समुद्रापासून दोनशें मैलांहून अधिक दूर आहे. येथें तलावांतील व धरणांतील रोहू किंवा कटला मिळतो. असा मासा कच्चा खाणें सर्वथा वर्ज्य समजावें. उणें २० अंशांवर सात दिवस गोठविल्यास कृमि मरतात. पण घरच्या फ्रीजमध्यें तेवढी थंडी टिकेलच असें नाहीं, आणि गोठविल्यानें सर्व जंतु मरत नाहींत.

तरी ती आंबटतिखट चव घरीं घेतां येते. अर्धा किलो मासा स्वच्छ धुऊन, मीठ व हळद घालून पाण्यांत शिजवावा. मांस आंतपर्यंत पांढरें होऊन कांट्यापासून सहज सुटूं लागलें म्हणजे उतरवावा. रोहूच्या मांसांत बारीक कांटे पुष्कळ असतात. ते वडील माणसांनीं नीट काढावे. मग तीन लिंबांचा रस, चिरलेला कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर मिसळून पंधरा मिनिटें झांकून ठेवावें व त्याच जेवणांत ज्वारीच्या भाकरीशीं खावें. कच्च्या माशास लागलेली विळी व पाट साबणानें धुतल्यावांचून कांदा चिरूं नये.

मुलांनीं ही कृति आईवडिलांस वाचून दाखवावी, आणि आधीं विस्तव, मग लिंबू, हा क्रम कधींही मोडूं नये.