हिरवी आणि रंगीत ढोबळी मिरची : भेद कोणता आणि भाव का?

पुण्याकडे जिला ढोबळी मिरची म्हणतात, मुंबई-कोकणात जी भोपळी मिरची होते आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या बाजारात जी शिमला मिर्च या नावाने मागितली जाते, ती वस्तू एकच. तिच्या टोपलीपुढे उभे राहून ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतो : "हिरवी स्वस्त आणि तांबडी-पिवळी इतकी महाग, हे कसे?" या प्रश्नास दुकानदाराने "माल वरूनच महाग येतो" एवढेच उत्तर दिले, तर ग्राहकाच्या मनात संशय राहतो. आपल्या मालाची नीट माहिती असणे हेही व्यापाऱ्याचे भांडवलच होय. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

जात एक, अवस्था दोन

मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्यास आली. तिखट लवंगी मिरची, ब्याडगी मिरची आणि ढोबळी मिरची या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील बहिणी. ढोबळीत तिखटपणा देणारे द्रव्य तयार होत नाही, एवढाच मोठा फरक.

हिरवी ढोबळी ही बहुधा स्वतंत्र जात नसून न पिकलेले फळ असते. तेच फळ झाडावर आणखी दोन-तीन आठवडे राहिले, तर त्यातील हरितद्रव्य नाहीसे होते आणि वाणाच्या गुणाप्रमाणे तांबडा, पिवळा किंवा नारिंगी रंग उमटतो. तांबड्या फळाला ज्या द्रव्यामुळे रंग येतो, त्याच द्रव्यामुळे बेळगावकरांच्या परिचयाची ब्याडगी मिरचीही लालभडक दिसते. तथापि या नियमास अपवाद आहेत. जांभळ्या वाणाचे फळ कच्चे असतानाच जांभळे दिसते व पुढे बहुधा तांबडे होते. चॉकलेटी वाणात तांबडा रंग येतो, पण हरितद्रव्यही टिकून राहते.

तीन उंचवट्यांची मिरची नर आणि चारांची मादी, असा एक समज बाजारात प्रचलित आहे. तो निराधार आहे. फळास नर-मादी हा भेद नसतो. बी दोहोंतही असते.

गुण आणि स्वाद

पिकताना साखर वाढते. १०० ग्रॅम हिरव्या मिरचीत ती सुमारे अडीच ग्रॅम, तर तांबडीत सुमारे चार ग्रॅम असते. हिरवीचा किंचित कडवट, रानटी दर्प पिकल्यावर मंदावतो. क जीवनसत्त्व हिरवीतही भरपूर, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम असते. तांबडीत ते त्याच्या दीडपटीच्या घरात जाते. हंगेरीतील सेगेद येथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे काढले, ते तेथील मिरचीपासूनच. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत तांबडी हिरवीच्या कित्येक पट सरस आहे. पिवळी मात्र या बाबतीत हिरवीहून फारशी श्रेष्ठ नाही. तेव्हा "रंगीत तेवढे सर्व पौष्टिक" असे सांगून माल विकणे योग्य नव्हे.

गृहिणींसाठी एक सूचना : क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून कोशिंबिरीत तांबडी-पिवळी कच्चीच घालावी. पीठ पेरून करावयाच्या भाजीस व भरल्या मिरचीस हिरवीच उत्तम.

भाव का चढतो?

पिकेपर्यंत फळ झाडावर ठेवले की झाडाचा रस त्यातच गुंततो व पुढील फळधारणा मंदावते. त्या आठवड्यांत ऊन, कीड व रोग यांचा धोकाही वाढतो. म्हणून हिरवी बहुधा उघड्या शेतात घेतात, तर रंगीत पीक पॉलिहाऊस किंवा शेडनेटच्या आश्रयाने काढतात. शिवाय पिकलेला माल कमी दिवस टिकतो. इतका खर्च व जोखीम दरात उतरणे स्वाभाविकच आहे.

एक अनुभव

व्यवसायाच्या आरंभी प्रस्तुत लेखकास एका आडत्याने हिरव्या मालाच्या पेट्या देताना सांगितले, "चार दिवस ठेवा, आपोआप लाल होतील." आंब्याची अढी लावावी तशा विश्वासाने त्या ठेवल्या. लाल तर झाल्या नाहीतच, सुरकुतल्या मात्र सर्व. कारण पुढे कळले : आंबा-केळ्यांप्रमाणे ढोबळी मिरची तोडल्यावर पिकत नाही. रंगाची छटा झाडावरच धरलेली असली, तरच ती पुढे थोडी वाढते. पूर्ण हिरवा माल हिरवा म्हणूनच घ्यावा आणि हिरवा म्हणूनच लवकर विकावा.

साठवणीस ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान व भरपूर ओलावा चांगला. त्याहून थंड जागेत, विशेषतः हिरव्या मालावर, खळगे व पाणीदार डाग पडतात. घेताना साल ताठ व चकचकीत, देठ ताजा हिरवा आणि फळ आकाराच्या मानाने जड असावे.

तात्पर्य, भेद आहे तो वयाचा, वाणाचा आणि श्रमाचा. तो ग्राहकास दोन वाक्यांत सांगता आला, तर दरावरून घासाघीस कदाचित थांबणार नाही. परंतु दुकानाची पत निश्चित वाढेल.