मागणी नक्की कुणाला आहे, ते बघ

अगं, तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. आयटीत माणसं मिळत नाहीत असं सगळे म्हणतात, मग कॉलेजात येणाऱ्या कंपन्या साडेतीन लाखांच्या पुढे का सरकत नाहीत? प्लेसमेंटचं काम बघणारे सर यावर नीट बोलणार नाहीत. किती मुलं लागली, हा आकडा त्यांना हवा असतो. म्हणून मी सांगते. पुण्यात खराडीत इतकी वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली, मुलाखती दिल्या तशा घेतल्याही. तुझ्यापासून काय लपवायचं?

२०१२ च्या सुमारास मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये नव्या इंजिनिअरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळायचे. अलीकडे टीसीएसच्या निन्जा या सुरुवातीच्या श्रेणीत ३.३६ लाख मिळतात, इन्फोसिसमध्ये ३.६ लाखांच्या आसपास. २०१२ साल १०० धरलेला सरकारचा महागाई निर्देशांक २०२४ मध्ये १९० च्या पुढे गेला होता. म्हणजे तेव्हाच्या सव्वातीन लाखांत जेवढं भागायचं, तेवढ्यासाठी आता सहा लाखांवर हवेत. याच काळात डॉलर ५३-५४ रुपयांवरून ८४ च्या घरात गेला, आणि या कंपन्यांची बरीचशी कमाई डॉलरमध्ये होते. हे वाचून तुला राग आला तर येऊ दे. मलाही येतो.

पण हे असं का होतं, ते समजून घे. ‘आयटीत मागणी आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कंपनीला प्रोजेक्टवर लगेच बसवता येईल असा माणूस हवा असतो, म्हणजे तीन ते सात वर्षं काम केलेला, क्लाउड किंवा डेटा किंवा सिक्युरिटीत हात बसलेला. असे लोक थोडे आहेत आणि त्यांच्यासाठी ओढाताण चालते. नवे इंजिनिअर मात्र दर वर्षी लाखांनी बाहेर पडतात. एका जागेसाठी दारात शंभर जणी उभ्या असल्यावर कंपनी आपणहून पगार कशाला वाढवेल? शिवाय इन्फोसिसमध्ये वरिष्ठ पदावर राहिलेले टी. व्ही. मोहनदास पै यांनी जाहीरपणे म्हटलंय, की मोठ्या कंपन्या आपसात ठरवून नवख्यांचे पगार खाली ठेवतात. बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं, पण हा आतला माणूस आहे.

मागणी शिगेला पोचली होती तेव्हा काय झालं तेही बघ. करोनानंतर जगभरच्या कंपन्यांना एकदम सगळं ऑनलाइन करायचं होतं. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात टीसीएसने सुमारे एक लाख नवी मुलं घेतली, इन्फोसिसने ८५ हजार. लोक भराभर नोकऱ्या बदलत होते. २०२२ च्या जूनच्या तिमाहीत इन्फोसिसमधलं सोडून जाण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं. आमच्या मजल्यावर दर शुक्रवारी कुणाचा ना कुणाचा निरोप असायचा. ज्यांच्या हातात अनुभव होता त्यांनी त्या लाटेत पगार दीडपट, दुप्पट करून घेतले. नवख्यांचा नेहमीचा आकडा मात्र जागचा फारसा हलला नाही.

मग लाट ओसरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर रुजू व्हाल का, असं विचारलं. काही कंपन्यांची ऑफर लेटरं हातात असलेली मुलं रुजू होण्याच्या तारखेची वाट बघत घरी बसून राहिली. २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३ हजारांहून जास्त घटली, इन्फोसिसची जवळपास २६ हजार. म्हणजे मागणी चढली की फायदा आधी वरच्यांना मिळतो, आणि उतरली की पहिला फटका तुझ्यासारख्या दारातल्या मुलींना बसतो. पुढे २०२५ मध्ये टीसीएसने १२ हजारांवर माणसं कमी करायचं ठरवलं, त्यात मात्र मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त होते. पगार चढलेला आणि काम जुनंच, अशी माणसं हिशेबात लवकर येतात. हे आत्ता तुझ्या कामाचं नाही वाटणार, पण दहा वर्षांनी वाटेल.

आता तुझं. ‘पॅकेज किती?’ असं घरीदारी विचारतात तेव्हा सांगतात तो सीटीसी, म्हणजे कंपनीला तुझ्यापायी वर्षाला येणारा सगळा खर्च. तो आणि हातात येणारा पगार यांत बरंच अंतर असतं. ३.३६ लाखांचे बारा भाग केले की २८ हजार होतात. त्यातून पीएफचा तुझा वाटा कापला जातो, आणि कंपनीचा वाटाही बहुधा याच आकड्यात धरलेला असतो. पाच वर्षं टिकलीस तरच मिळणारी ग्रॅच्युइटी त्यातच, विम्याचा हप्ता त्यातच, आणि ‘व्हेरिएबल’ नावाचा मिळेल-न-मिळेल असा तुकडाही त्यातच. हातात २२ ते २४ हजार आले तरी खूप. हिंजवडीत पीजीला आठ-दहा हजार जातात, वर डबा आणि जाणं-येणं. एक बरं आहे, महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर लागत नाही. या कराचे महिना दोनशे रुपये कापलेले दिसले आणि पगार त्या मर्यादेत असेल, तर एचआरला विचार. लाजू नकोस.

मग ही नोकरी घ्यावी का? दुसरं काही हातात नसेल तर घे. पण आधी एक कर. त्याच कंपनीत वरच्या श्रेणी असतात. टीसीएसमध्ये निन्जाच्या वर डिजिटल आहे, सात लाखांच्या आसपास, आणि त्याच्याही वर प्राइम. दार एकच, परीक्षा थोडी कठीण, आणि पगार दुप्पट. उरलेले महिने त्या परीक्षेतल्या कोडिंगच्या तयारीला दे. दुसऱ्या एखाद्या प्रमाणपत्राच्या कोर्सवर तुझ्या आप्पांचे पन्नास हजार घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि पुण्यात ‘पैसे भरा, बॅकडोअरने लावतो’ म्हणणाऱ्या कन्सल्टन्सी गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे फिरकायचंसुद्धा नाही.

रुजू झालीस की पहिली दोन वर्षं पगाराकडे बघण्याऐवजी प्रोजेक्टकडे बघ. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना ठेवलं तर गोड मानून घरी बसू नकोस, मॅनेजरच्या मागे लाग. सपोर्टचं रात्रपाळीचं काम दिलं तर सहा महिने कर, पण बदलून मागत राहा आणि लेखी माग. कारण कंपनीत बसून राहिलं तर पगारवाढ बहुतेक वर्षी एक आकडीच मिळते, मोठी उडी कंपनी बदलताना होते. त्या वेळी मुलाखतीत तुझी डिग्री कुणी विचारत नाही, काय काम केलंस ते विचारतात. नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड असतो, तोही आधीच वाचून ठेव, कारण नवी कंपनी इतकं थांबायला तयार नसते.

आणखी एक मनापासून सांगते. आपल्याकडे मुलींना पैसे मागणं म्हणजे हावरटपणा असं शिकवलेलं असतं. माझ्यासमोर मुलाखतीला बसलेल्या मुली ‘कंपनीच्या धोरणाप्रमाणे द्या’ म्हणतात. तेवढ्याच अनुभवाची मुलं आकडा सांगतात आणि तो घेऊनच उठतात. तू आकडा सांगायचास. त्यासाठी आधी बरोबरच्या मैत्रिणींशी, सीनिअर्सशी पगाराबद्दल उघड बोल. कुणाला किती मिळतं हे कळलं नाही, तर आपल्याला कमी मिळतंय हे कळणार कसं?

ऑफर लेटर आलं की सही करायच्या आधी सगळी पानं मला पाठव, नुसता पगाराचा तक्ता नको. बाँड किती वर्षांचा, मोडला तर किती रक्कम, मूळ मार्कशीट मागितल्या आहेत का, हे मी बघते. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत. आप्पांना ‘साडेतीन लाख’ सांगण्याआधी हातात किती येणार तो आकडा सांग, म्हणजे भावाच्या फीचा हिशेब ते तुझ्या पगारावर मांडून बसणार नाहीत. तुला सांगायला जड जात असेल तर त्यांच्याशी मी बोलते.