दम्याच्या औषधचाचणीत सही करण्यापूर्वी

दम्याच्या नव्या औषधाची चाचणी म्हणजे उपचार नव्हे. उपचारात डॉक्टर समोरच्या रुग्णाकडे पाहून औषध बदलतात, मात्रा कमी-जास्त करतात. चाचणीत आधी ठरलेल्या आराखड्याप्रमाणे सगळे चालते, आणि कोणाला कोणते औषध मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संगणक ठरवतो. बहुतेक वेळा ते रुग्णालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. औषधाचा खरा गुण याच मार्गाने सिद्ध होतो, म्हणून चाचण्या व्हायलाच हव्यात. मात्र हा फरक रुग्णाला सही घेण्यापूर्वी, त्याला कळेल अशा बोलीत सांगणे हे चाचणी घेणाऱ्यांचे कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखकाच्या आईच्या बाबतीत ते पाळले गेले नाही, आणि तिने जे सोसले ते टळण्यासारखे होते.

चाचणी म्हटले की लोक नव्या औषधाच्या दुष्परिणामांना घाबरतात. दम्याच्या चाचणीत धोक्याचे आणखी एक ठिकाण असते, आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: जुने औषध थांबवण्याचा काळ. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन यांसारख्या स्टिरॉइडचा पंप ती सूज दाबून ठेवतो. साल्ब्युटामॉलचा पंप श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो. त्याचा आराम चार ते सहा तास टिकतो आणि सूज होती तशीच राहते. अनेक चाचण्यांच्या सुरुवातीला एक पूर्वतयारीचा काळ असतो. त्यात रुग्णाचा स्टिरॉइडचा पंप बंद करतात किंवा कमी करतात आणि फक्त साल्ब्युटामॉल हाताशी ठेवतात. सगळ्यांचाच दमा आटोक्यात असेल तर नव्या औषधाने फरक पडला की नाही हे दिसणार नाही, हे त्यामागचे कारण. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण पंप बंद झाल्यावर सूज एका दिवसात परतत नाही. ती दिवसांमागून दिवस चढत जाते. सुरुवातीला रुग्णाला बरे वाटते, आणि त्याच बरे वाटण्यावर विसंबून राहिल्याने घात होतो.

नुसत्या आरामावर विसंबण्याचा धोका संशोधनातूनच पुढे आला. अमेरिकेत 1996 साली साल्मेटेरॉल या दीर्घकाळ आराम देणाऱ्या औषधाची मोठी चाचणी सुरू झाली. 26,000 हून अधिक रुग्ण तीत सहभागी झाले. साल्मेटेरॉल घेणाऱ्या गटात दम्याने 13 मृत्यू झाले, दुसऱ्या गटात 3. गट जवळपास सारख्या आकाराचे होते. 2003 मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. सहभागी रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जण सुरुवातीला स्टिरॉइडचा पंप घेत होते. याच जातकुळीची औषधे स्टिरॉइडसोबत एकाच पंपात दिली तर तसा धोका वाढत नाही, हे पुढच्या मोठ्या चाचण्यांत दिसले आणि 2017 मध्ये अशा जोडपंपांवरचा सर्वांत कडक इशारा अमेरिकेने काढून घेतला. जागतिक दमा मार्गदर्शिकेनेही 2019 पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर दम्याचा उपचार करू नये, अशी भूमिका घेतली आहे.

बरे वाटणे हा दम्यात किती कच्चा पुरावा आहे, हे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. साल्ब्युटामॉल दिल्यावर फुंकण्याच्या चाचणीत सुमारे 20 टक्के सुधारणा दिसली. औषध नसलेल्या पंपाने फक्त सुमारे 7 टक्के. पण आराम किती वाटला असे विचारल्यावर दोन्ही वेळी रुग्णांनी जवळपास सारखेच, म्हणजे निम्म्याच्या आसपास, असे उत्तर दिले. फुप्फुसे आवळलेली असतानाही माणसाला बरे वाटू शकते. म्हणून चाचणीतल्या रुग्णाचे आकडे रोज पाहणारा कोणीतरी असावा लागतो.

लेखकाच्या आईकडून संमती घेतली गेली ती अशी. केंद्रातल्या कोऑर्डिनेटर मॅडमनी पानांचा गठ्ठा पुढे ठेवला, खुणा केलेल्या जागा दाखवल्या आणि म्हणाल्या, “काकू, औषध बदलून देणार आहोत, आधीचं बंद करा. बाहेर महाग पडतं, इथे फुकट आहे.” नवे औषध लगेच सुरू होणार नाही, मधल्या काळात सूज दाबणारे काहीच पोटात किंवा छातीत जाणार नाही, हे तोंडातून निघाले नाही. डॉक्टर सहीपुरते आले.

पुढे रोज सकाळी पीक फ्लो मीटरमध्ये तीनदा फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा डायरीत लिहायचा, असे ठरले. आईने ते मन लावून केले. डायरीत आधी 340, मग 320, 290, 260, 230 असे आकडे उतरत गेलेले स्पष्ट दिसतात. शेजारच्या ‘रात्री जाग आली का’ या रकान्यात ‘नाही’ संपून ‘हो’ सुरू झालेले दिसते. दर भेटीला डायरी घेतली गेली, आकडे संगणकात चढवले गेले, पानावर शिक्का बसला. एकानेही विचारले नाही की बाई, हा आकडा उतरतो का आहे? सलग दोन दिवस आकडा सुरुवातीपेक्षा 30 टक्क्यांनी खाली गेला तर रुग्णाला चाचणीतून काढून नेहमीचे औषध सुरू करावे, असे त्यांच्याच माहितीपत्रकात छापलेले होते. 340 चे 30 टक्के वजा केले तर 238 उरतात. हे गणित घरच्यांना रुग्णालयात, ऑक्सिजन लावलेल्या खाटेशेजारी बसून ती पाने वाचताना उमगले. त्याच पानावर ‘या काळात दमा बळावू शकतो’ हे वाक्यही होते.

झटका रात्री आला. कार्डावरच्या ‘24 तास’ क्रमांकावर घंटी वाजत राहिली, फोन कोणी उचलला नाही. जवळच्या रुग्णालयात नेब्युलायझर आणि शिरेतून स्टिरॉइड दिल्यावर धाप कमी झाली. केंद्राचे उत्तर नंतर आले: “दम्याच्या माणसाला अटॅक येतोच. आमचं औषध तर सुरूही झालं नव्हतं.” नेमकी हीच तक्रार होती, आणि तीच बचाव म्हणून पुढे केली गेली. हे वागणे क्षम्य नाही.

कायदा या बाबतीत रुग्णाच्या बाजूने आहे. भारतात नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम 19 मार्च 2019 रोजी लागू झाले. चाचणीत इजा झाल्यास आवश्यक ते उपचार मोफत द्यावे लागतात. इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत ही जबाबदारी टळत नाही. आराखड्यात ठरलेले नेहमीचे उपचार किंवा तातडीचे औषध उपलब्ध असूनही दिले नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर तीही चाचणीमुळे झालेली इजा ठरते. आराखड्याचा भंग आणि निष्काळजीपणा यांनाही तोच नियम लागू आहे. गंभीर घटना घडल्यापासून 24 तासांत प्रमुख संशोधकाने औषध नियंत्रक, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि चाचणीला मंजुरी देणारी नीतिसमिती यांना कळवली पाहिजे. निष्क्रिय औषध दिले जाणार असेल तर त्याचा काही गुण येणार नाही, हे संमतीपत्रात लिहिणे सक्तीचे आहे, आणि संमतीपत्राची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे.

या सगळ्यातून पुढच्या रुग्णांसाठी काही गोष्टी ठरवता येतात.

पहिला प्रश्न नव्या औषधाचा नसावा, “माझा आत्ताचा पंप बंद होणार का, किती दिवस, आणि त्या दिवसांत सूज दाबणारे काय मिळणार?” असा असावा. उत्तर कागदावर घ्यावे. कोणत्या आकड्याला चाचणी थांबवायची, तो आकडा स्वतः काढून डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावा आणि घरातल्या एका माणसाला समजावून सांगावा. साल्ब्युटामॉलचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागू लागला किंवा रात्री जाग येऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. आपत्कालीन क्रमांक सही करण्याआधीच एकदा रात्री लावून पाहावा. डायरी जमा करताना प्रत्येक पानाचा फोटो काढावा. मूळ पान एकदा गेले की परत मिळवणे कठीण जाते.

भारतातील चाचण्यांची नोंदवही 2007 पासून आहे आणि 15 जून 2009 पासून तीत नोंद करणे सक्तीचे आहे. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. तो देताना कोणी अडखळले तर तिथूनच परत फिरावे. नीतिसमितीचे नाव आणि पत्ता संमतीपत्रावर पाहून ठेवावा. तक्रार केंद्राकडे न करता थेट तिकडे लेखी करावी. घाईत सही करू नये, कागद घरी नेऊन वाचावेत.

खोकला किंवा धाप याला ‘साधी सर्दी’ म्हणून वाटेला लावू देऊ नये. 2001 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या अभ्यासासाठी हेक्सामेथोनियम श्वासावाटे घेतलेल्या 24 वर्षांच्या निरोगी तरुणीचा फुप्फुसे निकामी होऊन मृत्यू झाला. तिच्या आधी त्याच अभ्यासातल्या एका व्यक्तीला कोरडा खोकला आणि धाप लागली होती; ही लक्षणे वेळीच कळवली गेली नाहीत.

चाचणीतून कधीही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे पुढचे उपचार अडवता येत नाहीत. मात्र बाहेर पडताना नेहमीचा पंप कोणत्या दिवसापासून, किती मात्रेत सुरू करायचा हे लिहून घ्यावे, फुंकण्याची चाचणी पुन्हा करून घ्यावी आणि ते कागद आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात न्यावेत. नव्या औषधाने गुण आला असेल तरी चाचणी संपल्यावर ते मिळत राहील असे धरून चालू नये. दुसरा उपचार उपलब्ध नसणे, संशोधकाने औषधाचा फायदा नोंदवणे आणि नीतिसमितीची मंजुरी या अटी पुऱ्या झाल्या तरच प्रायोजकाला ते मोफत द्यावे लागते.