चिंगीची मान वाकडी झाली म्हणून

अगं मनू, आधी डोळे पूस. मान एका बाजूला कलली, डोळे सारखे आडवे हलतायत, उभी राहायला गेली की गडगडत जाते, हे बघवत नाही, मला ठाऊक आहे. पण शेजारच्या काकू ‘लकवा मारलाय, आता आशा सोड’ म्हणाल्या ना, ते मनावर घेऊ नकोस. सशाची मान अशी वळली म्हणजे तो संपला, असं मुळीच नाही.

डॉक्टरांनी कान तपासलेत का, ते विचार. आतल्या कानात पू झाला तरी मान अशीच वळते. दुसरं मोठं कारण म्हणजे ई. क्युनिक्युली. हा सूक्ष्म परजीवी आजारी सशाच्या लघवीतून दुसऱ्याच्या पोटात जातो आणि मेंदूत, मूत्रपिंडात ठाण मांडतो. कित्येक सशांत तो काहीच त्रास न देता पडून असतो, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला तरी एवढ्याने निदान पक्कं होत नाही. म्हणून बरेच डॉक्टर लक्षणं पाहूनच फेनबेंडाझोल सुरू करतात. साधारणपणे किलोमागे 20 मिलिग्रॅम, रोज एकदा, 28 दिवस. किती मिलिलिटर द्यायचं ते मात्र त्यांच्याकडूनच लिहून घे, कारण प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी. आणि घरातली माणसांची जंताची गोळी अर्धी मोडून देऊ नकोस हं! त्यातल्या अल्बेंडाझोलने सशांची अस्थिमज्जा बिघडून जीव गेल्याची उदाहरणं आहेत.

औषध पाजणं त्या मानाने सोपं गं. खरी परीक्षा खाण्याची. सशाचं आतडं थांबलं की आजारापेक्षा तेच आधी घात करतं. दहा-बारा तास तोंडात काही गेलं नाही आणि लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच डॉक्टरांना फोन लाव. स्वतःहून खात नसेल तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा कर. सुई नसलेली सिरिंज समोरून नाही, बाजूने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून आत घाल. थोडं दे, तिला चावू दे, गिळू दे, मगच पुढचं. उताणी मात्र कधी धरू नकोस, ठसका लागून घास फुप्फुसात जाईल. कोथिंबिरीची काडी ओठाला लावून बघ, गवत तिच्या तोंडाशी येईल असं ठेव. मान वाकडी असली तरी भूक असते बिचारीला.

फरशीवर ती घसरणार, म्हणून जाड सतरंजी घाल आणि टॉवेलच्या गुंडाळ्या दोन्ही बाजूंनी लाव. खाली येणारा डोळा घासून जखम होते, तो रोज बघ. लाल किंवा धूसर दिसला तर थेंब विचारून घे. लघवीने भिजलेलं अंथरूण लगेच बदल. सासूबाईंची केमो चालू आहे ना? मग खोका साफ करताना त्यांना लांब ठेव, आणि तूही हातमोजे घाल. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी असते, त्यांना लघवीतून येणाऱ्या या परजीवीची लागण होऊ शकते.

मान पूर्ण सरळ होईलच, असं मी सांगणार नाही. थोडा कल उरला तरी ससे त्याची सवय करून घेतात, मजेत उड्या मारतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा आजपासून चिंगीचा. उद्या सकाळी वजन घेतलंस की मला ग्रॅममध्ये कळव. ‘बरी आहे’ असलं मोघम नको.