दडा नेमका कुठे बसलाय?

अगं, परवा फोनवर तू चार वेळा ‘काय म्हणालीस?’ विचारलंस, तेव्हाच मला शंका आली. मग हळूच कबूल केलंस की तीन आठवडे झाले, उजव्या कानाला दडा बसलाय. आणि या तीन आठवड्यांत काय काय केलंस? इअरबड, कोमट तेल, नाक दाबून जोरात हवा सोडणं. रागावत नाहीये मी. हे सगळे उद्योग तुझ्या आधी मीच करून बसलेय.

माझा पहिला दडा न्हाण्यानंतरचा. डोक्यावरून पाणी घेतलं आणि कान एकदम बंद. मला वाटलं पाणी अडकलं, म्हणून बड घातला. प्रत्यक्षात आत मळ होता, तो पाण्यानं फुगला आणि मी त्याला आणखी आत ठासला. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मळ तयार होतो तिच्या बाहेरच्या भागात. तिथली कातडी हळूहळू बाहेरच सरकत असते, आपण जेवतो-बोलतो तेव्हा जबडा हलतो, आणि मळ आपसूक दाराशी येतो. म्हणजे निघालेल्या पाहुण्याला आपण बड घेऊन पुन्हा माजघरात ढकलतो! वर मी तेल ओतलं. पावसाळ्याचे दिवस, कान ओलसर, त्यात तेल; बुरशीला आणखी काय हवं? खाज सुटली तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मशीननं मळ ओढून काढला, बुरशीचे थेंब दिले. बाहेर आले तर रिक्षाचा हॉर्नसुद्धा गोड वाटला.

त्यामुळे पुढच्या खेपेला मी शहाणी झाले होते, असं मला वाटत होतं. सर्दी बरी झाली, कान मात्र बंदच. दवाखान्यात जाऊन ऐटीत सांगितलं, ‘मळ काढायचाय.’ डॉक्टर म्हणाले, ‘कान स्वच्छ आहे, पाणी पडद्यामागे आहे.’ नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत साधारण साडेतीन सेंटिमीटरची एक नळी असते, युस्टेशियन नळी. घाटात गाडी चढताना कान बंद होतो आणि आवंढा गिळला की पटकन उघडतो ना, ती हिचीच करामत. सर्दीनं किंवा ॲलर्जीनं ती सुजली की हवेची ये-जा थांबते, पडदा आत ओढला जातो, मागे पाणी साचतं. आपलाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

आता तूच सांग, पडद्याच्या अलीकडे तेल ओतून पलीकडचं पाणी कसं जाणार? इथे लक्ष द्यायचं ते नाकाकडे. डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला तर उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं मार आणि डावीत उजव्या हातानं, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो. नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र आठवडाभर रेटू नकोस, ते थांबवले की नाक आणखी चोंदतं. आणि ते जोरात हवा सोडणं बंद कर. जांभई दे, आवंढा गिळ. असं पाणी ओसरायला कित्येक आठवडे लागतात. माझ्या बाबतीत दीड महिना गेला. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानामागे पाणी ठाण मांडून बसलं, तर डॉक्टर दुर्बिणीनं नाकाच्या मागची जागाही पाहतात. तिथे गाठ वगैरे नाही ना, याची खात्री करायला. तेव्हा ‘कानासाठी नाकात कशाला?’ म्हणून हुज्जत घालू नकोस.

तिसरा दडा माझा नाही, आमच्या शेजारच्या काकूंचा. सकाळी उठल्या तर एक कान बंद आणि आत शिट्टीसारखा आवाज. दुखत नव्हतं, वाहत नव्हतं. ‘मळ असेल, जाईल’ म्हणत महिना काढला. निघाला तो कानाच्या नसेचा त्रास. ऐकू येणं अचानक, म्हणजे एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत उतरलं, तर ती तातडीची गोष्ट असते. स्टेरॉइडचा उपयोग होतो तो लवकर सुरू केलं तर. पहिले दोन आठवडे मोलाचे. काकूंचे ते हातातून गेले.

म्हणून आत्ता एक कर. ओंकार म्हणताना शेवटचा मकार लांबवतो तसा तोंड मिटून हुंकार दे. तो बंद कानात जास्त घुमला, तर बहुधा वाटेत काहीतरी अडलंय: मळ किंवा पाणी. चांगल्या कानाकडे गेला, तर नसेची शंका. मग अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठ. डॉक्टर कंपनाचा चिमटा कपाळावर टेकवून हेच तपासतात, पुढे ऐकण्याची चाचणीही करतात. हुंकार हा फक्त अंदाज आहे, निकाल नव्हे. तो बंद कानात घुमला तरी तीन आठवडे झालेत, या आठवड्यात दाखवायचंच. कान दुखत असेल, वाहत असेल, चक्कर येत असेल किंवा पडद्याला कधी भोक पडलेलं असेल, तर मळाचे थेंबसुद्धा मनानं घालायचे नाहीत.

आपण सगळ्यालाच ‘दडा’ म्हणतो आणि तिथेच फसतो. दारात बसलाय, पडद्यामागे बसलाय की नसेत, हे पाहिल्याशिवाय कानात काही घालू नकोस गं.

तर दे हुंकार, आणि कुठे घुमला ते मला लगेच कळव. फोन डाव्या कानाला लाव, म्हणजे मला परत परत ओरडावं लागणार नाही.