मुखवटा घेशील तेव्हा पालथा करून बघ

अगं, बस इथं जरा. जव्हारला गेलीस की मुखवटा आणायचा म्हणत होतीस ना? आण. पण 'पर्यटकांसाठी केलेला म्हणजे खोटा' असं जे कुणी तुझ्या मनात भरवलंय, ते आधी काढून टाक.

अमेरिकेतलंच बघ. तिथं नैर्ऋत्य भागात रेल्वे पोचल्यावर, रेल्वेमार्गावर हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीनं १८९९ च्या सुमारास नावाहो आदिवासी कारागिरांकडून प्रवाशांना परवडतील अशी हलकी चांदीची कडी करून घ्यायला सुरुवात केली. बाणाचे ठसे, मधे पिरोजाचा खडा. पुढं कारखान्यांनी यंत्रावर तसलेच दागिने ढिगानं काढले. आज हौशी लोक त्या जुन्या कड्यांसाठी जीव टाकतात. पण बहुतेकांवर करणाऱ्याचं नावच नाही! कुणाच्या हातचं, हे आता कोण सांगणार?

म्हणून तू घेताना मागच्या बाजूला नाव, पाडा आणि साल लिहून घे. कारागिरालाच लिहायला सांग.

आपल्याकडे वारली चित्रांचंही असंच झालं. लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवर लिहायच्या, तांदळाच्या पिठानं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी ती कला कागदावर आणायला हातभार लावला आणि डहाणूकडच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती कागदावरची चित्रंही बाहेरच्यांसाठीच होती की! त्यांना खोटं म्हणायची कुणाची छाती आहे?

मुखवट्यांची गोष्ट मात्र जरा नाजूक आहे. मोखाडा-जव्हारकडचे मुखवटे मुळात बोहाडा या तिथल्या उत्सवाचे. रात्रभर मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर गणपती, रावण, नरसिंह अशी एकेक सोंगं नाचत येतात, शेवटी देवी महिषासुराला मारते. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या असतो. असा नाचवलेला मुखवटा अडचणीपायी कुणी विकायला काढला तरी घेऊ नकोस, बाई. आपल्या दिवाणखान्यासाठी गावाचं सोंग उणं करायचं, हे मला अजिबात पटत नाही. विकायलाच केलेला असेल तो बिनधास्त घे.

पुढून रंग सगळं झाकतो, म्हणून पालथा करून बघ. कागदाचा असेल तर एकावर एक चिकटवलेले थर दिसतील, कुठं घडी, कुठं जाड गाठ. बोट फिरवलंस की खडबडीत लागेल. फायबरचा असला तर असे कागदाचे थर दिसणार नाहीत. वारली चित्रात रेघ बघ: बांबूच्या काडीची रेघ कुठं जाड, कुठं बारीक होते. छापील चित्रात शेजारशेजारची माणसं हुबेहूब सारखी निघतात.

आणि भावात फार ताणू नकोस. घरी आणलास की बाहेरच्या भिंतीला लावू नको, कागदाला ओल सोसत नाही. पावसाळ्यात सरळ उतरवून सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेव, दसऱ्याला पुन्हा लाव.